कॉफी कडू का होते, आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या कॉफीबद्दल काय विचारायचंय ते पाठवा म्हटलं होतं, तर ठाणे-नवी मुंबईतून एवढे मेसेज आले की सगळे घेणं शक्यच नाही. त्यातल्या कितीतरी जणांनी एकच विचारलंय, मशीन कुठलं घेऊ? त्या सगळ्यांना मिळून एकच उत्तर, सध्या कुठलंच नको. पाणी, पूड आणि माप ह्या तीन गोष्टी जाग्यावर नसतील तर लाखाच्या मशीनमधून पण वाईटच कॉफी येते, आणि त्या जाग्यावर असतील तर चहाच्या गाळणीनेसुद्धा बरी होते. खालचे प्रश्न वाचलेत की कळेलच मी असं का म्हणतेय.

प्रश्न – कासारवडवली, ठाणे
ऑफिसात सगळे पोअर ओव्हर पोअर ओव्हर करतात म्हणून मी पण ड्रिपर, कागदी फिल्टर, चिकमंगळूरच्या बिया, छोटा हँड ग्राइंडर सगळं आणलं. कॅफेत तीच कॉफी मस्त लागते आणि घरी केली की आंबट ढाण आणि वर पाणचट. पाणी आरओचंच वापरतो, एकदम शुद्ध. मग चुकतंय कुठे?

उत्तर – पाण्यातच चुकतंय बहुतेक, निदान अर्धं तरी. कॉफीला इतकं शुद्ध पाणी चालत नाही हो. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुडीतला स्वाद बाहेर ओढतं, आणि बायकार्बोनेट असतं ते कॉफीचा आंबटपणा जरा आवरून धरतं. आरओ मशीन हे सगळंच काढून टाकतं. सोसायटीत कुणाकडे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, असेल तर लावून बघा, २०-३० दाखवत असेल तर आंबट का लागतं त्याचा उलगडा झालाच. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनचं माप १५० च्या आसपासचं आहे, ७५ ते २५० पर्यंत चालतं.

आपल्याकडचं नळाचं पाणी मुळात वाईट नाहीये. ठाण्याला भातसा आणि उल्हास नदीचं येतं, नवी मुंबईला मोरबे धरणाचं, म्हणजे सगळं पावसाचं साठवलेलं मऊ पाणी, त्याला खरं तर आरओ लागतच नाही, साधं यूव्हीवालं मशीन पुरतं. पण घोडबंदर रोडला उन्हाळ्यात टँकर चालू झाले आणि टँकरमध्ये बोअरवेलचं पाणी आलं की सगळं गणित फिरतं, ते पाणी जड असतं, किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो ना तो त्याचाच, आणि अशा पाण्यात कॉफी उलटी मिळमिळीत होते, कितीही महागाच्या बिया आणा. तर उपाय असा की मशीनवाल्याला बोलवा, बऱ्याच आरओना टीडीएस कमी-जास्त करायचा एक स्क्रू असतो, तो १०० च्या आसपास ठेवायला सांगा. तोवर निम्मं आरओचं आणि निम्मं नळाचं उकळलेलं पाणी घ्या. टँकरच्या दिवसांत मात्र ही मिसळामिसळ नको, त्या पाण्यात काय आहे आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा आरओचंच वापरा आणि पूड जरा बारीक दळा.

आता उरलेलं अर्धं. पुडीतून आंबट सगळ्यात आधी उतरतं, गोडसर मग, आणि कडू शेवटी. त्यामुळे आंबट आणि पाणचट दोन्ही एकदम लागत असेल तर जेवढं उतरायला हवं होतं तेवढं उतरलंच नाही असं समजा, आणि कडूजहर होऊन जीभ कोरडी पडत असेल तर गरजेपेक्षा जास्त उतरलं. दुरुस्ती दळणात करायची. १५ ग्रॅम पूड, साधारण बारीक रव्याएवढी, आणि २५० मिली पाणी. कागद ड्रिपरमध्ये लावून आधी गरम पाण्याने धुवा, नाहीतर पुठ्ठ्याचा वास येतो. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, ९० ते ९६ डिग्री हवं. आधी फक्त ३०-४० मिली ओतायचं, पूड फुगून वर येते आणि बुडबुडे सुटतात, तो आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड, बिया ताज्या भाजलेल्या असल्या की असं होतंच. अजिबात फुगली नाही तर ते पाकीट बरेच महिने दुकानात पडून होतं म्हणायचं. पाऊण मिनिटाने उरलेलं पाणी दोन-तीन वेळा करून गोल गोल ओता. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आसपास व्हायला पाहिजे. दोन मिनिटांतच सगळं खाली आलं तर आणखी बारीक दळा, साडेचार-पाच लागले तर जाड. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, पाणीपण बदललं दळणपण बदललं तर कशाने काय झालं कळायचं नाही.

प्रश्न – नेरूळ
आमच्या शेजारच्या तमिळ मामी कोइम्बतूरला राहायला गेल्या आणि जाताना त्यांचा पितळी फिल्टर मला देऊन गेल्या. त्यांच्या हातची कॉफी म्हणजे अहाहा. पण मी रात्री फिल्टर लावते आणि सकाळी बघते तर वरचं पाणी वरच, खाली चमचाभर काळं काहीतरी. मिस्टर रोज सकाळी झाकण उघडून बघतात आणि हसत हसत डबा घेऊन निघून जातात. काय करू?

उत्तर – ताई, मिस्टरांना हसू द्या थोडे दिवस. फिल्टर न गळण्याची कारणं तीन-चारच असतात.

पहिलं म्हणजे भोकं. वरचं भांडं रिकामं करून खिडकीसमोर उजेडात धरा आणि आतून बघा. बारीक बारीक ठिपके सगळीकडे दिसले पाहिजेत, जिथे दिसत नाहीत तिथे जुनी पूड आणि तेल सुकून बसलंय. वापरलेला फिल्टर असला की हे असतंच, साबणाने निघत नाही. सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, एक चमचा घालून पाण्यात दहा मिनिटं उकळा, मग बाहेरून बारीक सुई घालून एकेक भोक मोकळं करा. सुई जोराने घुसवू नका, भोक मोठं झालं तर पूड खाली उतरते आणि मग कॉफीत गाळ. स्टीलचा फिल्टर असता तर वरचं भांडं मिनिटभर गॅसच्या ज्योतीवर धरून आतली घाण जाळून टाका म्हटलं असतं, पण पितळी आहे आणि आत कल्हई असेल, ती वितळेल, तेव्हा ज्योतीवर नको. आणि कल्हई आहे ना तेही बघून घ्या, आतून पांढरट चकाकी हवी. पिवळं पितळ उघडं दिसत असेल तर आधी कल्हई करून घ्या, कॉफी आंबट असते, पितळेत रात्रभर ठेवायची नाही. कल्हईवाला शोधणं हे हल्ली एक वेगळंच काम आहे, जुन्या भांड्यांच्या दुकानात विचारलंत की तेच पत्ता देतात.

दुसरं, पूड. मिक्सरला वस्त्रगाळ केलेली पूड किंवा मशीनसाठी एकदम बारीक दळलेली पूड फिल्टरमध्ये चिखल होऊन बसते. दुकानात घेताना फिल्टरसाठी दळा असं स्पष्ट सांगा. नेरूळ-वाशीला दाक्षिणात्य दुकानांत मिळते, आणि वेळ असेल तेव्हा माटुंग्याला जाऊन डोळ्यांदेखत दळून आणा, त्या दुकानांच्या बाहेर नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटतं.

तिसरं, दाबणं. ती छत्रीसारखी दांडीवाली चकती असते ना, तिने पूड फक्त सारखी करायची, ठासायची नाही. तीन मोठे चमचे भरून पूड, साधारण २० ग्रॅम, चकती हलकेच ठेवा, उकळतं पाणी आधी दोन चमचेच घाला, अर्धा मिनिट थांबा, पूड भिजून जागेवर बसते, मग हळूहळू बाकीचं, सगळं मिळून ८० ते १०० मिली. झाकण ठेवा. वीस मिनिटं ते अर्ध्या तासात उतरायला पाहिजे, रात्रभर लागत असेल तर वरचं काहीतरी बिघडलंय. आणि एवढं सगळं बरोबर असून पण थेंब थांबला असेल तर वरचं भांडं जरासं उचलून परत ठेवा, दोन भांडी घट्ट बसली की खाली हवा कोंडते आणि पाण्याला उतरायला जागा राहत नाही. बऱ्याचदा नुसत्या तेवढ्याने टपटप चालू होतं.

डिकॉक्शन, म्हणजे खाली गळलेला दाट अर्क, उतरलं की ते परत उकळायचं नाही, हे फार महत्त्वाचं. दूध कडकडीत तापवा, एक भाग डिकॉक्शनला तीन भाग दूध, साखर, आणि पेला-वाटीत वरून खाली, खालून वर चार वेळा ओता, फेस येतो आणि पिण्याइतकी निवते पण. त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी घालून निघतं ते दुसरं डिकॉक्शन पातळ असतं, ते पहिल्यात थोडं मिसळतात किंवा दुपारी स्वतःपुरतं वापरतात, पाहुण्यांना पहिलंच.

प्रश्न – कोपरी, ठाणे पूर्व
माझं वय ७१. दुकानदार विचारतो ८०-२० देऊ का ६०-४०. म्हणजे तो मला चाळीस टक्के भेसळ विकतो आणि वर तोंडावर सांगतो. हे कायदेशीर आहे का? आणि शुद्ध कॉफी ओळखायची कशी?

उत्तर – काका, सांगून विकतोय म्हणजे भेसळ नाही. ते मिश्रण चिकोरीचं. चिकोरी हे एक मूळ आहे, आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं, ते वाळवून, भाजून, दळून कॉफीत घालतात. कायद्याने अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे आणि चिकोरी किती ते पाकिटावर छापलं पाहिजे. बाजारात ५३-४७ अशी पाकिटं दिसतात ती ह्यामुळेच, कायद्याच्या काठावर बरोबर उभी. तुम्ही पैसे कॉफीचे देताय की मुळाचे ते बघायला चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचा.

चिकोरी वाईट नाही पण. तिच्यात कॅफिन नसतं, डिकॉक्शन दाट आणि काळंभोर होतं, आणि भरपूर दुधात सुद्धा चव टिकते, म्हणून तर फिल्टर कॉफीत ती मुरलीये. दूध घालून पिणार असाल तर ८०-२० घ्या, ६०-४० ला मला तरी कॉफीपेक्षा चिकोरीच जास्त लागते. बिनदुधाची पिणार असाल तर चिकोरी शून्य.

घरी बघायचं असेल तर काचेच्या ग्लासात गार पाणी घ्या आणि वर चिमूटभर पूड भुरभुरा. कॉफी बराच वेळ वर तरंगत राहते, चिकोरीचे कण लगेच खाली बसायला लागतात आणि जाताना मागे तपकिरी रंगाची रेघ सोडतात. हे बघायला मजा येते, नातवंडांना दाखवा. टक्केवारी ह्याने कळत नाही, आहे की नाही एवढंच.

तुम्ही अजून विचारलंय की प्लँटेशन ए, पीबेरी म्हणजे काय. आपल्याकडे धुऊन तयार केलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीला प्लँटेशन म्हणतात आणि पुढचं ए, बी हे मुख्यतः दाण्याच्या आकाराचं. फळासकट वाळवली तर चेरी. पीबेरी म्हणजे एका फळात नेहमी दोन बिया असतात त्याऐवजी एकच वाढलेली, त्यामुळे ती चपटी न होता गोल होते. महाग असते, गोल दाणा सगळीकडून सारखा भाजला जातो असं म्हणतात. मी तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजत नाही, भाजल्याची तारीख बघते.

प्रश्न – ऐरोली
ताई, मी पीजीमध्ये राहतो, आयटीत पहिलीच नोकरी, रूमवर फक्त इलेक्ट्रिक किटली अलाऊड आहे. इन्स्टंटचा कंटाळा आलाय. हजार-बाराशेमध्ये काय होईल?

उत्तर – फ्रेंच प्रेस, म्हणजे दांडीला जाळी लावलेलं भांडं, घे आणि उरलेल्या पैशात डिजिटल वजनकाटा. काटा आधी घेतलास तरी चालेल, कारण चमच्याने मोजलेली कॉफी आज एक उद्या एक लागते, चमचा शिगोशीग की सपाट ह्यातच तीन-चार ग्रॅमचा फरक पडतो. जाड दळलेली पूड मागव, जाड रव्याएवढी, ती ऑनलाइन मागवताना फ्रेंच प्रेससाठी असं निवडता येतं. २० ग्रॅम पूड, ३०० मिली उकळून जरा थांबलेलं पाणी, ढवळ, चार मिनिटं, वरचा फेस चमच्याने काढून टाक, दांडी हळूच खाली दाब आणि लगेच सगळी कपात ओतून घे. भांड्यात ठेवलीस तर ती उतरतच राहते आणि दहा मिनिटांनी कडू. मग भांडं धुऊन टाक, पीजीत लोक फ्रेंच प्रेस तसाच ठेवून ऑफिसला जातात आणि संध्याकाळी जाळीला जो वास येतो त्याबद्दल न बोललेलं बरं.

आणि इन्स्टंटला इतकं पण नाकारू नकोस. फेटलेली कॉफी इन्स्टंटचीच होते, दोन चमचे कॉफी, दोन चमचे साखर, दोन चमचे गरम पाणी, आणि हात दुखेपर्यंत फेट. फिल्टरच्या पुडीने तो फेस येणारच नाही, कारण ती पाण्यात विरघळत नाही. लॉकडाऊनमध्ये २०२० ला डाल्गोना म्हणून सगळ्या जगाने जे केलं ते आपल्याकडे सगळ्या कॉलेजच्या पोरांना आधीपासून येत होतं.

प्रश्न – नौपाडा, ठाणे
माझी आजी जायफळ घालून कॉफी करायची. रात्री पाहुणे आले की हमखास. आता आई पण नाही आणि विचारायला कोणी नाही. मी करते तर जायफळ कडवट लागतं आणि कॉफी कुठेच लागत नाही.

उत्तर – हा प्रश्न वाचून आमच्या ऑफिसात दोघीतिघींनी आपापल्या आज्यांची पद्धत सांगितली आणि तिन्ही वेगळ्या निघाल्या, पण त्यातलं जे समान होतं ते देते. दोन कपांना एक कप पाणी, दोन चमचे साखर, उकळी आली की दोन चमचे चिकोरीवाली पूड घालायची, एकदा वर येऊ द्यायची आणि लगेच गॅस बंद. मग झाकण. हे झाकण ठेवून तीन-चार मिनिटं मुरवणं सगळ्यांत आहे, फ्रेंच प्रेसमध्ये नेमकं हेच होतं, पूड पाण्यात मुरते आणि खाली बसते. तुमची कडवट होत असेल तर तुम्ही पूड चहासारखी खळखळ उकळत असाल, चहाची सवय आपल्या हातातून जात नाही ना. मग पातळ मलमलच्या फडक्यातून गाळायची, बारीक गाळणी पण चालेल, पण फडक्याने गाळ अजिबात येत नाही.

दूध वेगळं तापवा, एक कप, साईसकट असेल तर उत्तम. जायफळ उकळायचं नाही. सहाणेवर दुधाच्या थेंबात चार-पाच वळसे उगाळायचं किंवा बारीक किसणीवर दोनदा फिरवायचं, आणि कपात कॉफी ओतल्यावर वरून घालायचं. तयार पूड आणू नका, महिन्याभरात तिचा वास उडतो आणि मग जास्त घातली जाते, कडवट त्यानेच लागतं. जायफळ चिमटीपेक्षा जास्त तसंही घालू नये, चमच्याने खाल्लं तर ते अंगावर येतं, चक्कर, उलट्या. वेलदोडा घालायचा का ह्यावर आमच्यात एकमत झालं नाही. मी म्हणते दोन्ही नको, जायफळ असेल तर वेलदोडा नको.

प्रश्न – खारघर
बिया घरच्या मिक्सरमध्ये दळल्या तर चालतात का? हँड ग्राइंडर फार महाग आहेत.

उत्तर – चालतात, पण मिक्सर दळत नाही, तोडतो. त्यामुळे अर्धी पूड पिठासारखी आणि अर्ध्या कण्या, पिठातून कडू उतरतं आणि कण्यांतून आंबट, एकाच कपात दोन्ही. चटणीचं लहान भांडं घ्या, कोरडं ठणठणीत, आणि त्याला लसणीच्या चटणीचा वास असेल तर आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या. थोड्याच बिया घालायच्या, दोन-दोन सेकंद फिरवायचं, मध्ये भांडं हलवायचं, सलग फिरवलं की भांडं तापतं आणि वास तिथेच उडतो. मग मैद्याच्या चाळणीतून चाळा, खाली पडलेलं पीठ वेगळं ठेवा, ते वरच्या जायफळवाल्या कॉफीला वापरा. फिल्टरला आणि फ्रेंच प्रेसला एवढं पुरतं. पोअर ओव्हर करायची असेल तर मात्र बर असलेला, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया भरडणारा, ग्राइंडर घ्यावाच लागेल, आणि पैसे घालायचेच असतील तर मशीनपेक्षा तिथे घाला.

प्रश्न – सीबीडी बेलापूर
पावसाळ्यात पुडीचे गठ्ठे होतात म्हणून फ्रीजमध्ये ठेवते. बरोबर ना?

उत्तर – फ्रीज नको. पूड वास ओढून घेते, आणि आपल्या फ्रीजमध्ये काय काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे, शनिवारी आणलेले बोंबील, कापलेला कांदा, कालचं सांबार. शिवाय गार डबा बाहेर काढून उघडलात की बेलापूरच्या जुलैतल्या हवेत आत लगेच ओल धरते, मग गठ्ठे होतीलच. घट्ट झाकणाचा डबा, अंधारं कपाट, गॅसपासून लांब, आणि एका वेळी पंधरा दिवस पुरेल एवढीच पूड आणा. फारच जास्त आणली असेल तर लहान लहान पाकिटं करून हवा काढून फ्रीजरला टाका, एक पाकीट बाहेर काढलं की बाहेरच्या हवेइतकं होईपर्यंत उघडायचं नाही आणि परत आत ठेवायचं नाही. ओला चमचा घालणाऱ्या माणसावर लक्ष ठेवा, प्रत्येक घरात एक असतो.

प्रश्न – वाशी
मुलीने इटलीहून मोका पॉट आणला. आमच्याकडे इंडक्शन आहे, त्यावर तापतच नाही. मैत्रिणीकडे गॅसवर केली तर फुसफुस आवाज येऊन जळकी कॉफी आली.

उत्तर – तो ॲल्युमिनियमचा असणार, इंडक्शनवर लोखंडी तळ लागतो, म्हणजे ज्याला चुंबक चिकटतं तो. इंडक्शनवर ठेवायची एक स्टीलची चकती मिळते, तिच्यावर होतं पण वेळ लागतो, त्यापेक्षा एका शेगडीचा छोटा गॅस बरा.

मोका पॉट म्हणजे वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढवणारं भांडं. त्याचं सोपं आहे, १९३३ ला तो निघाला तेव्हापासून लोक तसंच करतायत. खालच्या भांड्यात पाणी बाजूच्या वाल्वच्या जरा खाली येईल एवढंच, आणि ते गरमच घाला म्हणजे पूड फार वेळ तापत बसत नाही. जाळीत पूड काठोकाठ, बोटाने सारखी करा, दाबू नका. आच अगदी मंद, झाकण उघडं ठेवा. कॉफी मधासारखी हळूहळू वर यायला लागते, आणि जसा तो फुसफुस आवाज चालू होतो तसा लगेच खाली उतरवून बूड नळाखाली धरा. तुमच्या मैत्रिणीने आवाज आल्यावर पण ठेवला असणार, त्या आवाजाच्या वेळी पाणी संपून वाफ यायला लागलेली असते आणि ती पूड जाळते. रबरी वायसर कडक झाला की बदला, कुकरच्यासारखंच.

प्रश्न – पाचपाखाडी, ठाणे
दोन प्रश्न. सासूबाईंचं कोलेस्टेरॉल वाढलंय, कॉफी बंद करायची का? आणि मला संध्याकाळी सहाच्या कॉफीनंतर रात्री झोप येत नाही, हे मानसिक आहे असं ह्यांचं म्हणणं.

उत्तर – मानसिक नाही. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या कपातलं निम्मं अकरा वाजता पण आत असतं. काही लोकांत लवकर जातं, ह्यांच्यात बहुतेक जात असेल, म्हणून त्यांना कळत नाही. दुपारी दोन-तीनच्या पुढे नको, किंवा चिकोरी जास्त असलेली घ्या. रोबस्टा जातीच्या कॉफीत अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असतं, तुमची पूड कशाची आहे तेही बघा. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत ठीक म्हटलंय, गरोदर बायकांना २००.

सासूबाईंचं म्हणाल तर डॉक्टरांना विचाराच, पण कॉफी कशी करताय तेही त्यांना सांगा. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा एक पदार्थ असतो, तो वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. फ्रेंच प्रेसच्या आणि उकळून न गाळता केलेल्या कॉफीत तो भरपूर उतरतो, कागदी फिल्टरमध्ये जवळजवळ सगळा अडकतो. म्हणजे बंद करायच्या ऐवजी कागदातून गाळून दिली तर चालेल का, असा प्रश्न डॉक्टरांना विचारा. आणि जेवणावर लगेच कॉफी नको, जेवणातलं लोह कमी अंगी लागतं, मध्ये चांगला वेळ जाऊ दे.

प्रश्न – सानपाडा
गुळाची कॉफी करताना दूध फाटतं.

उत्तर – गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग गूळ घाला. तरी फाटलं तर दूध सकाळचं उरलेलं आहे का बघा, आणि गूळ बदला.

प्रश्न – सीवूड्स
फिल्टरमधला उरलेला चोथा बाल्कनीतल्या कुंड्यांत घालते, मोगऱ्याला बुरशी आली.

उत्तर – जाड थर दिलात ना वरून. ओला चोथा सुकला की त्याची पपडी होते, पाणी खाली जात नाही आणि बुरशी धरते. आत्ता आलेली खरवडून काढा, माती जरा हलवा. पुढच्या वेळी कंपोस्टच्या डब्यात सुक्या पाल्यात मिसळून टाका, नाहीतर नुसती मूठभर, तीही मातीत कालवून, आणि पावसाळाभर कुंडीत अजिबात नको.